पडदा आणि 175 मतं

2007 च्या जूनमध्ये परतवाड्यात राष्ट्रपतीपदाची निवडणूक रंगली, तीही मतदान आमच्या हातात नसताना. उमेदवार प्रतिभाताई पाटील : माहेर जळगावचं, सासर अमरावतीचं आणि 1991 ते 96 आमच्याच अमरावती मतदारसंघाच्या खासदार. समोर भैरोसिंह शेखावत. गंमत म्हणजे ताईंचं सासरचं आडनावही शेखावतच!

17 जूनला ताई उदयपुरात बोलल्या की, पडद्याची चाल मुघल आक्रमकांपासून बायकांना वाचवण्यासाठी आली. आता ती सोडा. झालं. इतिहासकार चिडले, मुस्लिम संघटना चिडल्या. आरागिरणीत हिशेब लिहिता लिहिता मीही वाद घालत होतो.

"आपल्या अमरावतीची सून हाये, बाप्पा!" एकजण म्हणाला.

"सून हाये म्हनून इतिहास बदलते काय?" अचलपूरच्या बिलनपुऱ्यातला आमचा जुना गिऱ्हाईक म्हणाला. त्याचा मुद्दा पक्का होता. मुघलांनी वऱ्हाड घेतलं 1596 च्या सुमारास. त्याच्या शंभरेक वर्षं आधीच अचलपूर इमादशाहीची राजधानी होती, म्हणजे इथलं मुस्लिम राज्य मुघलांच्या आधीचं. शिवाय घुंगट मुघलांहून जुना, असं इतिहासकार तेव्हाही सांगत होतेच. मला मात्र वाटे, पडदा सोडा हे सांगणं खरं आणि त्याला जोडलेलं कारण कच्चं.

शिवसेनेने मराठी माणूस म्हणून भाजपशी असलेली युती बाजूला ठेवून ताईंना पाठिंबा दिला, तिथे पडद्याचा वाद मागे पडला. आमच्या आमदाराच्या एका मताचं मूल्य 175, आमच्या बडबडीचं शून्य. 21 जुलैला निकाल लागला : ताईंना 6,38,116, शेखावतांना 3,31,306.