करड्या पोलेंतेचे भाषांतर

आलेस्सांद्रो मान्झोनी यांच्या 'इ प्रोमेस्सी स्पोझी' या कादंबरीच्या सहाव्या प्रकरणात रेन्झो तोनिओच्या घरी येतो तेव्हा चुलीवर पोलेंता शिजत असते. ती करडी आहे, ग्रानो साराचेनोच्या पिठाची आहे, आणि तिचे आकारमान खाणाऱ्या तोंडांवर नव्हे, तर त्या सालच्या पिकावर ठरले आहे. कथाकाळ १६२८ चा, लोंबार्दीतील टंचाईचा.

इतर युरोपीय भाषांत 'पोलेंता' हा शब्द सहसा तसाच ठेवला जातो. मूळ शब्द राखला की अर्थही राखला गेला, अशी त्यामागची समजूत. प्रत्यक्षात आजच्या वाचकाच्या डोळ्यांसमोर मक्याचा पिवळाधमक गोळा येतो, आणि ही दिशाभूल इटालियन वाचकाचीही होते. लॅटिनमध्ये हाच शब्द जवाच्या भरड्याला लावलेला आढळतो. मान्झोनींच्या पात्रांकडे तो कुट्टूचा. मका उत्तर इटलीत सार्वत्रिक झाला तो अठराव्या शतकात. शब्द एक, धान्ये तीन. म्हणजे भाषांतराची गरज प्रथम इटालियनच्या आतच निर्माण होते.

या स्थित्यंतराची एक चांगली नोंद जर्मनमध्ये सापडते. १७८६ साली ब्रेनर खिंडीतून दक्षिणेकडे उतरताना ग्योएथेला 'प्लेन्टेन' हा तेथील जर्मन बोलीतला शब्द भेटला: पिवळे प्लेन्टेन मक्याचे, काळे कुट्टूचे. तेथील लोकांच्या निस्तेज वर्णाचा संबंधही त्याने याच आहाराशी जोडला. शब्दाने सीमा ओलांडली तेव्हा त्याला विशेषण घ्यावे लागले. इटालियनमध्ये मात्र मक्याची सरशी झाल्यावर विशेषण अनावश्यक ठरले, आणि त्यासोबत इतिहासही पुसला गेला.

धान्यांची नावेही अशीच फसवी. 'ग्रानो साराचेनो' म्हणजे सारासेनांचे धान्य, 'ग्रानतुर्को' म्हणजे तुर्की धान्य. वस्तुतः मका अमेरिकेतून आलेला. तेथील लोक तो चुनखडीच्या पाण्यात शिजवून मग दळत. धान्य आले, त्याला नाव मिळाले, कृती मात्र आली नाही. केवळ मक्यावर जगणाऱ्या शेतकऱ्यांना जो रोग जडला त्याला १७७१ मध्ये फ्रांचेस्को फ्रापोल्ली या वैद्याने लोंबार्द बोलीतलेच नाव दिले: पेल्लाग्रा, खरबरीत कातडी. स्वयंपाकघरातल्या एका अपुऱ्या भाषांतराची ही किंमत होती, आणि ती निकोटिनिक आम्लाचा गुण १९३७ मध्ये ध्यानी येईपर्यंत नीट उमगली नाही. पेल्लाग्रा हा शब्द तेवढा जगभरच्या वैद्यकात भाषांतराविना स्थिरावला.

मराठी भाषांतरकाराची अडचण निराळी. 'घाटा' म्हटले तर पदार्थाची जात आणि गरिबी दोन्ही हाती लागतात, पण ज्वारी आपोआप आत शिरते. 'कुट्टू' लिहावे तर उत्तर हिंदुस्थानी उपासाचे पावित्र्य दुष्काळाच्या पातेल्यात मिसळते, आणि उपास व उपासमार यांतले अंतर पुसले जाते. 'पोलेंता' ठेवावा, परंतु 'करडी' हे विशेषण कोणत्याही परिस्थितीत गाळू नये. मान्झोनींनी ते वर्णनाच्या हौसेपोटी घातलेले नाही. तोनिओची मुले त्या पातेल्याकडे डोळे लावून उभी आहेत. रेन्झो त्यांच्या बापाला जेवायला खानावळीत घेऊन जातो, आणि घरातल्यांना आनंद होतो तो वाटेकऱ्यांतला सर्वांत मोठा गडी कमी झाल्याचा.