घसा, मेंदू आणि मधले काही महिने

मागे बसलेल्यांना आवाज नीट येतोय ना? मग सुरुवात करू.

आठ-नऊ वर्षांची एक मुलगी डोळ्यांसमोर आणा. अक्षर अचानक बिघडलंय, हातातला पेला निसटतो. खांदे उडतात, तोंड वेडंवाकडं होतं. क्षणात हसू, क्षणात रडू. शाळेत बाई ओरडतात, "हात स्थिर ठेव गं!" घरच्यांना वाटतं, लाड जास्त झाले. पण झोपली की सगळं शांत. हिला काय झालंय ते नीट कळायला वैद्यकाला जवळजवळ तीनशे वर्षं लागली. इतकी का लागली, हे आज आपल्याला पाहायचंय.

१६८६ साली लंडनच्या थॉमस सिडनहॅम या वैद्याने या आजाराचं वर्णन केलं. आधी पाय ओढत चालणं, मग हात एका जागी न राहणं, पेला तोंडाशी नेताना विदूषकासारखे हातवारे. निरीक्षण इतकं अचूक की आजही आपण याला 'सिडनहॅमचा कोरिया' म्हणतो. कोरिया म्हणजे ग्रीक भाषेत नृत्य. पण त्याने नाव दिलं 'सेंट व्हायटसचं नृत्य', आणि ते आधीच दुसऱ्या गोष्टीला चिकटलेलं होतं. १५१८ मध्ये स्ट्रासबर्गच्या रस्त्यांवर माणसं दिवसेंदिवस नाचत राहिली, त्या प्रकाराला. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही, पण एका नावामुळे पुढे बराच गोंधळ झाला. आणि उपचार? रक्त काढणं आणि जुलाब देणं!

पहिला धागा सापडला तो सांध्यांत. १८५० मध्ये पॅरिसच्या जर्मेन से यांनी दाखवलं, की यातल्या बऱ्याच मुलांना संधिवाताचा तापही येतो. म्हणजे हात-पाय, सांधे, हृदय हे सगळं एकाच आजाराचं कुटुंब. घसा मात्र अजून चित्रात नव्हता.

विसाव्या शतकात तो आला. १९३३ मध्ये रेबेका लान्सफील्ड यांनी स्ट्रेप्टोकोकस जंतूंचे गट पाडले. त्यातल्या 'अ' गटामुळे घसा येतो, आणि पुढे संधिवाताचा तापही. १९४४ मध्ये डकेट जोन्स यांनी या तापाचे निकष मांडले, त्यात कोरिया हे एक मुख्य लक्षण धरलं. तरी शंका उरलीच. कोरिया झालेल्या मुलाचा घसा तपासला तर स्वच्छ! रक्तातही जंतूची खूण बहुधा सापडायची नाही.

उत्तर वेळेत दडलं होतं. १९५६ मध्ये अमेरिकेत टारांटा आणि स्टोलरमन यांनी दाखवून दिलं, की घसा येणं आणि हात नाचणं यांत कित्येक महिने जातात. सांधे दोन-तीन आठवड्यांत दुखतात, कोरिया मात्र इतका उशिरा येतो की तोवर आई घसा दुखल्याचं विसरलेलीसुद्धा असते. पुरावा पुसला गेल्यावर आपण शोध घेत होतो, असं म्हणा ना.

मग मेंदूत नेमकं होतं काय? १९७६ मध्ये हुस्बी आणि सहकाऱ्यांना कोरियाच्या सुमारे निम्म्या मुलांच्या रक्तात अशी प्रतिपिंडं सापडली, जी मेंदूच्या खोल भागातल्या, हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या पेशींना चिकटतात. शरीर लढायला निघालं जंतूशी, आणि जंतूसारख्या दिसणाऱ्या आपल्याच पेशींवर वार करून बसलं.

१९९८ मध्ये सुझन स्वीडो यांनी याच्या पुढचा प्रश्न विचारला: घशानंतर अचानक आलेला मंत्रचळ किंवा अंगाचे झटके, हेही असंच असेल का? त्यांनी ५० मुलांचा अभ्यास मांडला. त्यावर तज्ज्ञांत आजही वाद आहे, कारण घसा येणं इतकं सर्रास आहे की नुसता योगायोगही घडू शकतो. म्हणून प्रत्येक मंत्रचळाचा दोष घशावर टाकायची घाई आपण करू नये.

पण कोरियाबद्दल आता वाद नाही. तो दुर्मीळ आहे, बहुतेकदा काही महिन्यांत ओसरतो. हृदयाची झडप मात्र गुपचूप खराब होऊ शकते. म्हणून हृदय तपासायचं आणि दीर्घकाळ पेनिसिलिन चालू ठेवायचं. आपल्या देशातून संधिवाताचा ताप अजून गेलेला नाही. तेव्हा एखादं पोर अचानक धांदरट झालं, तर रागावण्याआधी डॉक्टरांकडे न्यावं आणि सांगावं, की काही महिन्यांपूर्वी याचा घसा आला होता.

थांबतो. आता प्रश्न घेऊ.