मोफसल : ‘आतल्या’ मुलखाच्या शब्दाची कुळकथा

राजधानीपासून दूर असलेल्या आतल्या मुलखासाठी इंग्रजांनी हिंदुस्थानात रूढ केलेला ‘मोफसिल’ हा शब्द मुळात इंग्रजी नाही. अरबीतील ‘मुफस्सल’, म्हणजे वेगवेगळे केलेले किंवा तपशीलवार, हे त्याचे मूळ असून फारसी दफ्तरांतून तो ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारात शिरला. ज्या अरबी धातूपासून तो निघाला, त्याच धातूपासून तपशील, फैसला आणि फसल हे मराठीत मुरलेले शब्द आले आहेत, आणि अलग करणे हा या सर्वांच्या मुळाशी असलेला अर्थ आहे.

या शब्दाचा खरा अर्थ त्याच्या जोडीदाराशिवाय उलगडत नाही. तो जोडीदार ‘सदर’ होय. अरबीत छाती आणि त्यावरून पुढचे, मानाचे स्थान असा त्याचा अर्थ असल्यामुळे वाड्यात जिथे कारभार चाले ती जागा सदर झाली आणि वरिष्ठ न्यायालय सदर अदालत म्हणून ओळखले गेले. महसुलाच्या परिभाषेत सरकारी खजिन्यात भरायची ठरलेली रक्कम ती सदर जमा, आणि गावोगावच्या वसुलीचा फोडवार आकडा ती मोफसल जमा. हिशेबातील ही फोड ज्या मुलखातून येई, त्या मुलखालाच पुढे तिचे नाव चिकटले असावे, असे मानणे सयुक्तिक ठरते. मुंबई इलाख्यात या भेदाला कायद्याचे रूपही मिळाले, कारण शहरासाठी सुप्रीम कोर्ट होते, तर मोफसलातील अदालतींचा कारभार १८२७ च्या एल्फिन्स्टन संहितेनुसार चाले, आणि १८६२ मध्ये उच्च न्यायालय स्थापन होईपर्यंत या दोन व्यवस्था शेजारी शेजारी नांदल्या.

यूल आणि बर्नेल यांनी १८८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात या शब्दाचे दोन अर्थ नोंदवले आहेत : इलाख्याच्या राजधानीबाहेरचा सारा प्रदेश हा एक, आणि जिल्ह्याच्या मुख्य ठाण्याबाहेरची खेडी हा दुसरा. हा दुसरा अर्थ अधिक मोलाचा आहे, कारण ‘आत’ ही जागा ठरलेली नसून बोलणाऱ्याच्या बैठकीवर अवलंबून असते, हे त्यातून उघड होते.

यवतमाळ हे त्याचे चांगले उदाहरण आहे. आईन-इ-अकबरीत ‘योत-लोहारा’ म्हणून येणारे हे ठिकाण एका महालाचे, म्हणजे महसुली विभागाचे होते, आणि नावातील ‘माळ’ हा ‘महाल’चाच अपभ्रंश असल्याचे गॅझेटियरमध्ये म्हटले आहे; म्हणजे खजिन्याची भाषा या गावाच्या नावातच रुतून बसली आहे. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड कंपनीच्या कारभाराखाली दिल्यावर पुढे येथे वणी जिल्ह्याचे मुख्य ठाणे झाले आणि १९०५ मध्ये जिल्ह्यालाही यवतमाळ हे नाव मिळाले. मुंबईच्या कापूस व्यापाऱ्याच्या दृष्टीने ही सगळी भूमी दूरची आणि आतली होती : मुंबई-नागपूर लोहमार्ग जिल्ह्याबाहेरच्या धामणगावावरून गेला, त्यामुळे कापूस तिथवर गाड्यांनी न्यावा लागे, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूरहून अरुंद मापाची रेल्वे यवतमाळपर्यंत आली ती प्रामुख्याने हाच माल बंदराकडे नेण्यासाठी. वणी, केळापूर किंवा घाटंजीच्या शेतकऱ्यासाठी मात्र यवतमाळ हीच सदर होती.

चेन्नईत २००२ मध्ये सुरू झालेल्या मोठ्या बसस्थानकाच्या मूळ नावात ‘मोफसिल’ होते आणि बिहारमध्ये अनेक शहरांलगतच्या ठाण्यांना मुफस्सिल ठाणे म्हणतात. मराठीत मात्र हा शब्द मागे पडला आणि त्याची जागा नोकरवर्गाच्या बोलण्यात ‘इंटिरिअर’ने, कागदावर ‘दुर्गम’ने घेतली. झरी जामणीसारख्या तालुक्यात बदली झाली की ती इंटिरिअरला झाली असे म्हटले जाते. त्याच भागातील कोलाम समाज आपल्या वस्तीला ‘पोड’ म्हणतो. या नावात कुठल्याही ठाण्यापासूनचे अंतर मोजलेले नाही.