चिमटा कुणी केला?

पुण्यात स्वतःचा फ्लॅट भाड्याने घेऊन राहायला लागल्यापासून चार वर्षांत मी चार चिमटे विकत घेतले. पहिल्याची प्लॅस्टिकची मूठ गॅसच्या ज्योतीकडे वाकत वाकत एक दिवस पातेल्यात टपकली. दुसऱ्याच्या टोकाला सिलिकॉनच्या टोप्या होत्या, त्यातली एक पराठ्याबरोबर गेली (कुठे गेली ते विचारू नका). तिसरा उघडा तो उघडाच राहिला. चौथा दिसायला झकास, जड, चकचकीत होता. तो बरोबर वाकाच्या जागी, केसाएवढी चीर पडून तुटला. माझी डिग्री मेकॅनिकलची आणि नोकरी सॉफ्टवेअरची, म्हणजे आपल्याकडचा नेहमीचा प्रकार. त्यामुळे ही चीर कशाने पडते हे मला परीक्षेपुरतं माहीत होतं. चिमटा निवडताना मात्र त्या माहितीचा काडीचा उपयोग झाला नव्हता.

निमगाव केतकीत आमच्या आजीकडे एकच चिमटा आहे. तो बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या वर्षी केलेला आहे, म्हणजे त्याला पन्नास वर्षं उलटून गेली. काळा, हातभर लांब, आणि मागे वाकाच्या जागी बोट जाईल एवढं गोल डोकं. त्याने तिने चुलीतले निखारे ओढले, भाकरी आरावर उभी केली, विंचू मारला, आणि माझ्या बापाच्या पाठीवर तो वाजवलाही. पाचवा चिमटा घेण्याआधी हा का टिकला हे समजून घ्यावं म्हणून मी चौकशी सुरू केली. ती भलतीकडेच गेली.

आधी शब्दांचं बघू, कारण शहरातल्या स्वयंपाकघरांत यांची सरमिसळ झालीय. चिमटा म्हणजे एकच पट्टी मधोमध वाकवलेली. तिला खिळा नाही, बिजागरी नाही. लोखंडाचा ताठरपणा हीच तिची स्प्रिंग. सांडशी म्हणजे दोन दांड्या एकमेकींवर आडव्या ठेवून खिळ्याने जोडलेल्या, पातेल्याचा काठ धरणारी. काही घरांत तिला पकड म्हणतात. आणि लोहाराचा तो सांडस. सांडस आणि सांडशी हे दोन्ही शब्द संस्कृत ‘संदंश’वरून आले. त्यात ‘दंश’ आहे, म्हणजे ती मुळात चावणारी वस्तू. सुश्रुतसंहितेत वैद्याची १०१ यंत्रं मोजली आहेत, त्यात संदंश दोन प्रकारचे, सोळा अंगुळं लांबीचे. एक अडकवता येणारा, दुसरा मोकळा. साधारण आपल्या सांडशी-चिमट्याचाच फरक. शरीरात रुतलेली वस्तू ओढणारं हत्यार आणि पातेलं उतरवणारं हत्यार एकाच कुळातली आहेत, हे वाचल्यापासून मी चहा उतरवताना जरा गंभीर होतो.

आपल्याच जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या लोकांनी १९६८पासून तिथे बरीच वर्षं उत्खनन केलं आणि तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरं, भांडी, चुली बाहेर काढल्या. ती माणसं तांबं वापरत होती. मला प्रश्न पडला की त्या चुलीतून निखारा कशाने काढत असतील? ओल्या काटक्या, खापराचा तुकडा, किंवा थेट बोटं. यातली कुठलीच गोष्ट उत्खननात ‘हे चिमट्याचं काम करत होतं’ अशी पाटी लावून सापडत नाही. लोखंडाचं काम विदर्भात फार जुनं. नागपूर जिल्ह्यात नायकुंडला लोखंड गाळायची भट्टी सापडली, ती इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या आसपासची.

आता इथे एक कोडं आहे. तापलेलं लोखंड ठोकायचं तर ते सांडसाने धरावं लागतं. मग पहिला सांडस ठोकताना तो कशाने धरला? हे कोडं ज्यू धर्मपंडितांनाही पडलं होतं. सुमारे १८०० वर्षांपूर्वी संकलित झालेल्या मिश्नाह या ग्रंथात सृष्टीच्या सहाव्या दिवशी, अगदी कातरवेळी, देवाने घाईघाईत केलेल्या वस्तूंची यादी आहे. इंद्रधनुष्य, मोझेसची काठी वगैरे. तिच्या शेवटी काहींचं मत म्हणून जोडलंय की पहिला सांडसही तेव्हाच केला, कारण सांडस करायला सांडस लागतो. आम्हा प्रोग्रामर लोकांना हे लगेच कळतं. पहिला कंपायलर कशाने कंपाइल केला, हा तोच प्रश्न. फक्त आम्ही त्यात देवाला घेत नाही.

आपल्या गावगाड्यात सांडस धरणारे दोन होते. एक गावचा लोहार, बलुतेदार. नांगराचा फाळ, कुळवाची पास, खुरपी, विळे ही कामं त्याची, आणि सुगीला खळ्यावर धान्याचं बलुतं त्याचं. त्रिंबक नारायण आत्रे यांचं ‘गावगाडा’ हे १९१५चं पुस्तक या सगळ्या हिशेबासाठी अजून वाचण्यासारखं आहे. दुसरे घिसाडी. ते गावाचे नव्हते, रस्त्याचे होते. बैलगाडीवर संसार, ओढ्याकाठी पाल, जमिनीत खड्डा करून भट्टी, आणि चार-आठ दिवसांनी पुढचं गाव. पुणे जिल्ह्याच्या १८८५च्या गॅझेटियरने त्यांची कारागिरांत नोंद केली आहे. आज सरकारदरबारी ते भटक्या जमातींच्या यादीत आहेत. त्यांच्या कामात एक गोष्ट बघणाऱ्याच्या लक्षात राहतेच: घण बाई मारते. पुरुष सांडसाने लोखंड धरून ऐरणीवर फिरवतो, छोट्या हातोडीने कुठे मारायचं ते दाखवतो, आणि समोर उभी राहून बाई घण घालते. आपल्या चुलीपुढे बाई बसलेली, आणि तिचा चिमटा ठोकणारीही बाईच. इतिहासाच्या पुस्तकात दोघी नाहीत.

हिंदीच्या पुस्तकात मात्र आपण सगळ्यांनी एक चिमटा वाचलाय, प्रेमचंदांच्या ‘ईदगाह’मधला. १९३३ची गोष्ट. हमीद खेळण्याऐवजी तीन पैशांचा चिमटा आणतो, कारण भाकरी करताना दादीची बोटं भाजतात. शाळेत आम्हाला याच्यावर ‘हमीदचे गुण लिहा’ असा प्रश्न यायचा. त्या दादीने तोवरची सगळी वर्षं चिमट्यावाचून भाकऱ्या का केल्या, हे कुणी विचारलं नाही. उत्तर सोपं होतं, तीन पैसे नव्हते. लोखंड महाग होतं. इथल्या भट्ट्या एकोणिसाव्या शतकात विलायती लोखंडापुढे विझत गेल्या. जमशेदपूरला टाटांचं पोलाद १९१२ साली निघू लागलं, पण गरिबाच्या चुलीपर्यंत पोहोचायचं ते बहुधा मोडीतलंच. मोडलेल्या अवजाराचा, झिजलेल्या धावेचा तुकडा.

आमच्या घरातही तसंच झालं. बहात्तरला आजी दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होती. तिथली सुकडी आणि अमेरिकेतून आलेला लाल मिलो, या दोन गोष्टी ती अजून तोंड वाकडं करून सांगते. त्या वर्षी जनावरं गेली आणि बैलगाडी नुसती उभी राहिली. पुढल्या साली पाऊस झाल्यावर ओढ्याकाठी घिसाड्यांची पालं पडली. आजोबांनी मोडलेल्या गाडीच्या चाकाची धाव त्यांना दिली. तिच्यातून दोन खुरपी, एक विळा आणि उरलेल्या पट्टीचा चिमटा झाला. मजुरी म्हणून आजीने जोंधळे दिले. किती, ते तिला आठवत नाही. “आमालाच नव्हतं, तर किती देणार?” एवढंच म्हणाली.

माझ्यातल्या इंजिनियरला यात खोट दिसली. चाकाची धाव मऊ लोखंडाची असते. पन्नास वर्षं ताठ राहणारा चिमटा त्यातून होणं अवघड. हा ट्रकच्या कमानपाट्याचा असणार, जसे ऊसतोडीचे कोयते असतात. ग्राइंडरवर धरला तर ठिणग्यांवरून कळेल, असं मी म्हणालो. आजीने चिमटा माझ्या हातातून काढून घेतला. “धाव हुती म्हणून सांगती ना मी. माझ्यासमोर तोडली.” विषय संपला. मीही पुढे विचार केला तेव्हा वाटलं की घणाखाली थंड होईस्तोवर ठोकलं की साधं लोखंडही कडक होतं, तेव्हा ती बरोबर असू शकते.

पण खरं उत्तर लोखंडापेक्षा आकारात आहे. १८६०च्या दशकात ऑगस्ट व्योलर नावाच्या जर्मन रेल्वे इंजिनियरने आगगाडीचे आस का तुटतात याचा पिच्छा पुरवला. त्याला दिसलं की एका झटक्यात ज्याने काही होत नाही, असा ताणही पुन्हा पुन्हा दिला तर पोलाद थकतं आणि तुटतं. मात्र ताण एका मर्यादेच्या खाली ठेवला तर ते जवळजवळ कधीच थकत नाही. चिमट्याचा सगळा ताण वाकाच्या जागी येतो. माझ्या चौथ्या चिमट्याचा वाक मशीनने काटकोनात दाबलेला होता, सगळा भार एका रेषेवर. आजीच्या चिमट्याचं ते गोल डोकं शोभेचं नाही. दाब त्या अख्ख्या गोलावर पसरतो, त्यामुळे प्रत्येक ठिकाणी थोडा थोडाच ताण येतो. शिवाय पट्टी टोकाकडे निमुळती ठोकलेली, म्हणजे हाताला कमी जोर लागतो. व्योलरचं नाव घिसाड्यांनी ऐकलेलं असण्याचं कारण नाही. तुटलेला चिमटा घेऊन तीच बाई पुढच्या वर्षी भांडायला येते, ही त्यांची प्रयोगशाळा.

मग बाजार बदलला. १९१३ साली शेफील्डमध्ये हॅरी ब्रिअर्ली बंदुकीच्या नळीसाठी न झिजणारं पोलाद शोधत होता, त्याला न गंजणारं सापडलं. आपल्याकडे ते ‘स्टील’ या नावाने इतकं बसलं की लोखंडाला पोलाद म्हणायचंच राहून गेलं. १९५९मध्ये हॉकिन्स आणि प्रेस्टिज दोघांचेही कुकर आले, आणि कुकरमधले डबे काढायला चिमटा चालेना, सांडशी वर आली. गॅसवर निखारा नसतोच. फुंकणी गेली, शेजारी विस्तव मागायला जाणं तर त्याआधीच काडेपेटीने संपवलं होतं. चिमटा उरला तो पोळी फुगवण्यापुरता, आणि तेवढ्या कामासाठी पातळ पत्रा पुरतो असं कारखान्याने ठरवलं.

दुकानात उभं राहून मी आता काय बघतो ते सांगतो. चुंबक लावून बघा असं सगळे सांगतात. त्याचा अर्धाच उपयोग आहे. चिकटला तर बहुतेक निकेल नसलेलं स्टील. नाही चिकटला तर १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेलवालं ३०४ असेल, किंवा निकेल वाचवून मँगनीज घातलेलं स्वस्त २०२ असेल. यातला फरक चुंबकाला कळत नाही. त्यापेक्षा वाक बघावा, गोल आहे की घडी घातलेली. दोन पट्ट्या मागे ठिपक्यांनी वेल्ड केलेल्या असतील तर ठेवून द्यावा. दोन्ही टोकं पूर्ण मिटवून सोडावीत, पुन्हा तितकीच उघडली पाहिजेत. मुठीला काहीही चिकटवलेलं नको. सांडशीचा खिळा भरीव हवा. तो ढिला झाला की दगडावर ठेवून ठोकता येतो. आजीकडची सांडशी अशी तीनदा ठोकलेली आहे.

मी शेवटी दुकानातून घेतलाच नाही. बारामती-इंदापूर रस्त्याला एक पाल दिसलं, तिथे थांबलो. या रस्त्याने आषाढीला तुकोबांची पालखी जाते, निमगाव केतकीत मुक्काम असतो. याच पट्ट्यात वालचंदनगर आहे, जिथल्या कारखान्यात इस्रोच्या अग्निबाणांचे भाग बनतात. आणि रस्त्याच्या कडेला एक नवराबायको, भट्टीला हाताने फिरवायचा पंखा, पुढ्यात कोयत्यांची रास. चिमटा हवा म्हटल्यावर मामा हसले.

“चिमटा आता कोन मागतंय? कोयता न्या.”

मी मोबाइलवर आजीच्या चिमट्याचा फोटो दाखवला. त्यांनी तो बायकोकडे दिला, त्या दोघांत गुजराती-राजस्थानी वळणाच्या बोलीत काहीतरी बोलणं झालं. मावशींनी फोटो मोठा करून नेमकं ते गोल डोकं बघितलं. “जुनं काम हाय,” म्हणाल्या, “करू.” दीडशे रुपये ठरले. कमानपाट्याचा अरुंद तुकडा भट्टीत गेला, लाल होऊन बाहेर आला, आणि मावशींनी पदर खोचून घण उचलला. पाऊण तास लागला. गोल डोकं वळवायला मामांनी एक जुनी सळई मध्ये धरली. मुलं कुठायत विचारलं, तर एक बारामतीला एमआयडीसीत वेल्डिंग करतो, दुसरा रिक्षा चालवतो. घण मारायला सून नाही म्हणते. “बरूबर हाय तिचं,” मावशी म्हणाल्या आणि खांदा दाबत बसल्या.

निघताना मी मामांना विचारलं, हातातला सांडस कुणी केला?

“बापानं.”

“आणि त्यांचा?”

“त्येच्या बापानं. आता पुढचं नका इचारू, मला बी म्हाईत न्हाय.”

संध्याकाळी आजीला नवा चिमटा दाखवला. तिने चष्मा लावला नाही. कानाजवळ नेऊन दोनदा मिटवला, सोडला, आवाज ऐकला.

“जरा ताठ हाय,” म्हणाली. “वापरला की वळंल हाताला. किती घेतलं?”

“दीडशे.”

“घण कोन मारत हुतं?”

“मावशी.”

“मग दोनशे द्यायचं हुतंस की रं,” म्हणाली, आणि जुना चिमटा घेऊन चुलीकडे वळली.