मिरास व खंडसिद्धांत

मिरास : दख्खनमधील वंशपरंपरागत भूधारणेचा हक्क; अभिजात अर्थशास्त्रातील स्वामित्वविचाराची पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत याच हक्काशी गाठ पडली.

१८१८ साली पेशवाई खालसा झाली तेव्हा नगर प्रांतात मिरासदार व उपरी असे कुळांचे दोन वर्ग होते. उपरी कौलाने, मुदतीपुरती जमीन वाही. मिरासदाराची जमीन मात्र सारा भरला जाई तोवर कोणास काढून घेता येत नसे, ती विकता येई आणि परागंदा झालेल्याचा वारस कित्येक वर्षांनी परतला तरी त्याचा दावा गाव मान्य करी. निर्वंश घराण्याच्या जमिनीसही ‘गतकूळ’ म्हणून घराण्याचीच आठवण चिकटलेली असे.

तिकडे इंग्लंडात तत्त्वज्ञ लॉकने स्वामित्वाचे मूळ श्रमात शोधले होते. अर्थशास्त्रज्ञ रिकार्डोने १८१७ मध्ये असे मांडले की खंड हा श्रमाचे वा भांडवलाचे फळ नसून जमिनींच्या कसातील तफावतीतून उद्भवतो. त्यावरून, ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीत १८१९ पासून असलेल्या जेम्स मिलने अनुमान काढले, की सरकारने निव्वळ खंडच सारा म्हणून घेतला तर कोणाचेच नुकसान नाही. हेलीबरीच्या कंपनी महाविद्यालयात माल्थसजवळ शिकलेल्या प्रिंगल या अधिकाऱ्याने, खर्च वजा जाता उरणाऱ्या उत्पन्नाचे शेकडा ५५ सरकारचे, असे धरून दख्खनची पाहणी केली. पण घरच्या बैलाची आणि पोटच्या पोराची मजुरी ज्याने कधी मांडलीच नाही, त्याचा खर्च कारकुनाने कसा काढावा? आकडे खोटे ठरले, सारा डोईजड झाला, जमिनी ओस पडल्या. अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड जोन्सने १८३१ मध्येच हिंदुस्थानच्या रयतेस रिकार्डोचे गणित लागू नाही असे बजावले होते. पुढे इंदापुरापासून गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनी ते गणित सोडले; मातीची खोली व रंग पाहून, चुनखड, वाळसर, उपळट असा दोष दिसला की प्रत उतरवून, आण्यांत कस ठरवला आणि सारा ३० वर्षांसाठी कायम केला.

या पद्धतीत सर्व्हे नंबराच्या प्रत्येक खातेदारास सारखाच, विक्रीयोग्य हक्क मिळाल्याने मिरासीचे वेगळेपण लोपले आणि जमीन सावकारास उत्तम तारण झाली. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुप्यापासून सुरू होऊन नगर जिल्ह्यातही पसरलेल्या दंग्यांत रयतेने कर्जरोखे हिसकावून जाळले. १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा त्याचाच परिणाम.

जमिनीचा हक्क व खंड यांचा हाच प्रश्न आजही दिसतो: नगरजवळच्या नागापूर येथील औद्योगिक वसाहतीत भूखंड महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाकडून ९५ वर्षांच्या पट्ट्याने मिळतात. त्यांच्या हस्तांतरास परवानगी लागते, आणि त्या वेळी वाढीव किमतीपोटी महामंडळ अधिमूल्याचा फरक वसूल करते. ही वसुलीची कल्पना धाकट्या मिलच्या, म्हणजे जेम्सचा मुलगा जॉन स्टुअर्ट याच्या, अनायास वाढलेल्या भूमूल्यावर समाजाचा वाटा मानणाऱ्या मताशी नाते सांगणारी आहे.