बेडशाचं टाकं, मुळशीचं पाणी आणि कंपन्यांचा पैसा

हवामान बदलतंय, पाऊस वेळ चुकवतोय, त्यावर खासगी कंपन्या काय करणार, असं हल्ली सारखं कानावर येतं. कुणी सौर पॅनल लावतं, कुणी झाडं लावून फोटो काढून जातं. आपल्या मावळात धनिकाचा पैसा आणि डोंगरातलं पाणी यांची गाठ मात्र फार जुनी आहे, म्हणून आज थोडं मागे जाऊ.

सुरुवात बेडशापासूनच करू. आपल्या लेण्यात पायऱ्या चढून गेलं की घोड्या-हत्तींवर बसलेल्या जोड्यांचे उंच खांब लागतात. तिथे ब्राह्मी लिपीत कोरलंय की नाशिकच्या आनंद नावाच्या शेठजीचा मुलगा पुष्पणक याचं हे दान. दोन हजार वर्षांपूर्वीचा व्यापारी तो. लेण्याजवळच्या पाण्याच्या टाक्यावर एका बाईचं नाव आहे: महाभोजाची मुलगी, महारठिनी सामडिनिका. डोंगरात टाकं खोदायला तिने दान दिलं आणि नाव दगडावर राहिलं. खांब पाहायला सगळे थांबतात, टाक्याकडे कुणी बघत नाही. आम्हाला मात्र तेच जास्त आवडतं.

आता शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या मुंबईत येऊ. तिथल्या कापडगिरण्या वाफेवर चालत. दुरून आणलेला कोळसा बॉयलरमध्ये जाई आणि धूर गिरणगावावर पसरे. घाटमाथ्याच्या पावसावर वीज करायची कल्पना जमशेटजी टाटांनी उचलून धरली. ते 1904 साली गेले. मुलांनी काम पुढे नेलं आणि 1910 साली कंपनी उभी राहिली. लोणावळा, वळवण, शिरोता इथे पाणी अडवलं, ते नळांतून सुमारे 500 मीटर खाली खोपोलीला सोडलं आणि 1915 साली मुंबईच्या गिरण्यांना वीज गेली. मग 1922 साली ठोकळवाडीच्या पाण्यावर भिवपुरी आणि 1927 साली मुळशीच्या पाण्यावर भिरा. ‘हवामान बदल’ हा शब्द तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हता. कोळसा महाग पडत होता, एवढाच हिशेब. पण कोळसा न जाळता वीज होत होती, हे खरंच. ही केंद्रं आजही चालू आहेत. एका व्यापाऱ्याच्या दूरदृष्टीचं हे काम मोठं आहे, त्यात आम्हाला काही शंका नाही.

पण पाणी साठलं ते कुणाच्या शेतावर? मुळा-निळा नद्यांच्या खोऱ्यातली पन्नासच्या आसपास गावं धरणाच्या पाण्याखाली जाणार होती. आंबेमोहोर पिकवणारी ती खाचरं. सरकारने 1894 च्या भूसंपादन कायद्याखाली जमीन घेऊन कंपनीला द्यायचं ठरवलं. 1921 च्या रामनवमीला मावळे कामाच्या जागेवर जाऊन बसले, काम थांबलं. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा. पांडुरंग महादेव बापट पुढे झाले, त्यांना ‘सेनापती’ ही पदवी याच लढ्याने दिली. बायकाही सत्याग्रहात होत्या, तुरुंगातही गेल्या.

लढा हरला, धरण झालं. का हरला, याची कारणं पुष्कळ. त्यातलं एक बचत गटातल्या बाईला लगेच कळेल. कितीतरी जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गहाण किंवा त्यांच्याच नावावर. कसणाऱ्याला शेत हवं होतं, सावकाराला भरपाईची रक्कम. रक्कम समोर दिसू लागली तसा सावकार वेगळा झाला. ज्याचं नाव कागदावर, त्याच्याशी कंपनी बोलते. रोप लावणाऱ्या बाईचं नाव तर सावकाराच्या वहीतही नव्हतं. धूर कमी झाला मुंबईचा, खाचर गेलं मुळशीचं. आणि जे पाणी पूर्वेला भीमेकडे जायचं, ते वीज करून कोकणात उतरू लागलं.

ही जुनी गोष्ट आत्ता कशाला? कारण ऑगस्ट 2024 मध्ये टाटा पॉवरने राज्य सरकारशी करार केलाय. आपल्या शिरोत्याला 1,800 मेगावॉट आणि भिवपुरीला 1,000 मेगावॉटचे प्रकल्प, दोन्ही मिळून सुमारे 13,000 कोटी रुपये. म्हणजे काय? दुपारी सौर वीज उरते, तेव्हा ती वापरून खालचं पाणी वर चढवायचं. संध्याकाळी दिवे लागले, गिरण्या चालू झाल्या, की तेच पाणी खाली सोडून वीज करायची. सूर्य मावळला की सौर वीज बंद, म्हणून अशी साठवण लागतेच. कोळसा कमी करायचा तर हे काम कुणीतरी करायला हवं, आणि एवढा पैसा सरकार एकटं घालेल असं वाटत नाही. म्हणून आम्ही याला विरोध करा असं सांगत नाही. विचारा, एवढंच सांगतो. जमीन कुणाची लागणार, रस्ता कुणाच्या बांधावरून जाणार, उन्हाळ्यात आमच्या विहिरीला पाणी किती राहणार, आणि काम मिळणार असेल तर बायकांना कोणतं?

विचारायची जागाही आहे. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते, कायद्यानेच. तिथे ठराव लिहून घ्या, खाली सह्या घ्या, ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून प्रत घ्या. आणि घरी गेल्यावर सातबारा काढून बघा, आपलं नाव आहे का. नवऱ्याच्या जमिनीवर बायकोचं नाव लावायला ‘लक्ष्मी मुक्ती’ योजना आहे, ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. पुढची सभा 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट किंवा 2 ऑक्टोबर, जी जवळ असेल ती. त्याच्या आधीच्या आठवड्यात गटाच्या बैठकीत हे प्रश्न एकदा मोठ्याने वाचून घ्या.