अल्पछेदी खुबा प्रत्यारोपण

अल्पछेदी खुबा प्रत्यारोपण म्हणजे झिजलेला किंवा निकामी झालेला खुब्याचा सांधा लहान छेदातून, स्नायूंना शक्य तितकी कमी इजा करून बदलण्याची शस्त्रक्रिया होय. बसवला जाणारा कृत्रिम सांधा नेहमीचाच असतो. फरक सांध्यापर्यंत पोहोचण्याच्या मार्गात असतो.

आधुनिक खुबा प्रत्यारोपणाचा पाया इंग्लंडमधील शल्यविशारद जॉन चार्नली यांनी १९६२ साली घातला. पारंपरिक शस्त्रक्रियेत छेद साधारणतः २० ते ३० सेंटिमीटर असतो. २००० नंतर १० सेंटिमीटर किंवा त्याहून लहान छेदाच्या पद्धतींचा प्रसार झाला.

पद्धती

मागील बाजूच्या एकछेदी पद्धतीत नेहमीचाच मार्ग आखूड केला जातो. पुढील मार्गाने स्नायू न कापता त्यांच्यामधील नैसर्गिक फटीतून सांधा गाठता येतो. मात्र मांडीच्या बाहेरील बाजूच्या त्वचेला संवेदना पुरवणारी चेता दुखावून तेथे बधिरता येऊ शकते. द्विछेदी पद्धतीत वाटी व दांडा वेगवेगळ्या छेदांतून क्ष-किरणांच्या साहाय्याने बसवतात. ही पद्धत अवघड ठरल्याने मागे पडली.

लाभ व मर्यादा

सुरुवातीच्या आठवड्यांत वेदना काहीशा कमी असतात व रुग्ण लवकर चालू लागतो. काही महिन्यांनंतर हा फरक बहुधा उरत नाही. शिवाय लवकर बरे होण्याचे काही श्रेय सुधारलेल्या वेदनाशमनाला आणि लवकर चालवण्याला जाते, आणि या दोन्ही गोष्टी मोठ्या छेदानंतरही शक्य असतात. दृश्यता अपुरी पडल्यास वाटी तिरकी बसणे किंवा हाड तडकणे असे धोके संभवतात.

विदर्भातील संदर्भ

विदर्भात सिकलसेल आजाराचे प्रमाण लक्षणीय आहे. या आजारात रक्तपुरवठा खंडित होऊन मांडीच्या हाडाचा गोल शिरोभाग मृत होतो (अवॅस्क्युलर नेक्रोसिस), त्यामुळे तरुण वयातच प्रत्यारोपणाची वेळ येते. कष्टकरी तरुणाला लवकर कामावर परतण्याची निकड असते. परंतु याच रुग्णांत हाड घट्ट व त्यातील पोकळी अरुंद झालेली असते, जंतुसंसर्गाचा धोकाही अधिक असतो. अशा वेळी छेदाच्या लांबीपेक्षा सांधा नीट दिसणे महत्त्वाचे ठरते.

बडनेरा-अकोला पट्ट्यातील निंदणी-खुरपणी उकिडवे बसून केली जाते. विशेषतः मागील मार्गाने केलेल्या शस्त्रक्रियेनंतर खुबा खोल वाकवल्यास सांधा निखळू शकतो, मग छेद लहान असो वा मोठा. त्यामुळे उकिडवे केव्हा बसता येईल, किंवा मुळीच बसू नये का, याची विचारणा शस्त्रक्रियेपूर्वीच शल्यचिकित्सकाकडे करणे इष्ट असते.